स्ट्रॅट नाजूक आणि लेस पॉल दणकट, असं नसतं हो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारवर अख्खं पानभर लेख आला, बरं वाटलं, या विषयाला एवढी जागा कोण देतंय. पण त्यात जी विभागणी केलीये ती काही पटली नाही. म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (तीच स्ट्रॅट) घ्यायची ती स्वच्छ, नाजूक वाजवायला आणि गिब्सन कंपनीची लेस पॉल घ्यायची ती हेवी रॉकला, झालं, विषय संपला. हे असं सगळेच सांगतात आणि नवीन पोरं त्यावर विश्वास ठेवून गिटार घेतात, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कात्री तुमच्याच हातात आहे.

आधी रेकॉर्डच बघा ना. १९६९ला अमेरिकेत वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने जो गदारोळ उठवला तो स्ट्रॅटवर. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा), जो गिटार हातात आली की प्रत्येक जण वाजवून बघतो, तोही रिची ब्लॅकमोरच्या स्ट्रॅटवरचा. उलट लेड झेपलिनचा जिमी पेज म्हटलं की डोळ्यासमोर लेस पॉल येते, पण त्यांचा पहिला अल्बम बहुतेक सगळा टेलिकास्टरवर वाजवलाय, जी फेंडरचीच, स्ट्रॅटची थोरली बहीण. आणि पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर, स्ट्रॅटवाल्यांचा देवच म्हणा, त्याचा 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो लेस पॉलवरचा आहे, आणि त्याच अल्बममधला 'कम्फर्टेबली नम्ब'चा सोलो स्ट्रॅटवरचा. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मग सांगा, जाडजूड आवाज कुठल्या गिटारचा वाटतोय.

खरी गंमत तर पुढे आहे. ज्याच्या नावाची ही 'हेवी' गिटार तो लेस पॉल स्वतः अगदी स्वच्छ, चकचकीत वाजवणारा माणूस, जॅझ आणि पॉप, बायको मेरी फोर्डबरोबर एकावर एक ट्रॅक चढवून रेकॉर्डिंग करायचा. त्याने १९४०च्या आसपास एका चौकोनी लाकडी ठोकळ्यावर पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग, त्याबद्दल पुढे) बसवून, दोन बाजूंना दुसऱ्या गिटारच्या बॉडीचे अर्धे भाग लावून एक गिटार केली होती, 'द लॉग' नावाची, ती घेऊन तो गिब्सनकडे गेला तेव्हा त्यांनी काही दाद दिली नाही. १९५०ला लिओ फेंडरची भरीव बॉडीची गिटार बाजारात आल्यावर मात्र त्यांना जाग आली आणि १९५२ला सोनेरी रंगाची गिब्सन लेस पॉल निघाली. तेव्हा डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका खरखरीत आवाज, फारसा कुणाला हवा नव्हता, ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) तो आला तर बरेच लोक ॲम्प दुरुस्तीला न्यायचे. ही गिटार जन्माला आली ती स्वच्छ वाजवायलाच.

स्ट्रॅट आली १९५४ला. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांच्या तक्रारी तो नीट ऐकून घ्यायचा. टेलिकास्टरची कडा छातीत आणि हाताला टोचते म्हणाले, तर स्ट्रॅटला पाठीमागून आणि पुढून लाकूड तासून गोलाई दिली. नेक (बोटं ठेवायची लांब दांडी) चार स्क्रूंवर, खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. गिब्सनची परंपराच वेगळी, १९०२पासूनची कंपनी, कोरलेल्या टॉपच्या गिटारी करणारी, म्हणून लेस पॉलला महोगनीची बॉडी, वर मेपलचा कोरलेला फुगीर टॉप आणि नेक सरसाने कायमचा चिकटवलेला. थोडक्यात एकाने दुरुस्त करता येईल असं यंत्र केलं आणि दुसऱ्याने वाद्याला वीज जोडली. मला विचाराल तर दोघांमधला फरक इथून सुरू होतो, कुठलं संगीत वाजवणार यावरून नाही.

आता आवाजाचं. बरेच जण लाकडावर तासन्तास बोलतात, मी बोलणार नाही, कारण भरीव बॉडीच्या गिटारमध्ये लाकडाचा वाटा असला तरी पिकअपपुढे तो किरकोळ आहे असं माझं मत आहे, ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडावं.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वर गिटारची स्टीलची तार हलली की त्या कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि तो ॲम्पला जातो. स्ट्रॅटवर अशा तीन सिंगल कॉइल आहेत. सिंगल कॉइलचा त्रास असा की ती तारेचं जसं ऐकते तसं आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं, दिव्यांचंसुद्धा ऐकते, म्हणून ॲम्पमधून ती सततची घूंSS. गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने यावर तोडगा काढला, शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचं वाइंडिंग उलटं आणि चुंबकाची बाजूही उलटी. तारेचा सिग्नल दोन वेळा उलटा होऊन पुन्हा सुलटा, म्हणून बेरीज होते, आणि बाहेरची घरघर एकदाच उलटी होते म्हणून वजाबाकी. हाच हम्बकर. १९५५ला पेटंटचा अर्ज केला, लेस पॉलवर तो बसायला लागला १९५७पासून, आणि खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' (पेटंट अप्लाइड फॉर) असं स्टिकर असायचं, त्याच त्या पीएएफ ज्यांच्यावरून आजही लोक वेडे होतात.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. १९५२ ते १९५७ म्हणजे पहिली पाच वर्षं लेस पॉलवर मुख्यतः सिंगल कॉइलच होत्या, पी-नाइन्टी नावाच्या, आणि गिलमोरचा तो वर सांगितलेला सोलो पी-नाइन्टीवाल्या लेस पॉलवरचाच आहे. त्यामुळे लेस पॉल म्हणजे हम्बकर हे समीकरणसुद्धा अर्धवटच.

हम्बकर घरघर मारतो पण फुकट नाही मारत. तो तारेला दोन जागी ऐकतो, त्यात वरच्या काही हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे बारीक उपसूर) एकमेकांना खातात, शिवाय तांब्याच्या तारेचे वेढे जास्त म्हणून आवाज जोरात पण वरची चमक कमी. मग जोरात सिग्नल गेला की ॲम्प लवकर फाटतो, आणि लोक म्हणतात लेस पॉल हेवी आहे. अहो, हेवी ॲम्प आहे. स्ट्रॅटला पुढे एक बूस्टर किंवा फझ (सिग्नल वाढवणारं किंवा फाडणारं पेडल) लावा, तीही तेच करते, फक्त कडा राहतात. पिकने तार छेडल्याचा पहिला टणत्कार स्ट्रॅटवर स्पष्ट ऐकू येतो, लेस पॉलवर तो जरा दबतो आणि मागचा सूर लांब चालतो. वेगात वाजवताना चूक स्ट्रॅटवर लपत नाही, हे ज्यांनी दोन्ही वाजवलीये ते मान्य करतील.

स्ट्रॅटचा एक आवाज मात्र हम्बकरवाल्या लेस पॉलवर सहज निघत नाही, तो म्हणजे दोन पिकअप एकत्र लावल्यावरचा, नाकातून बोलल्यासारखा, आत पोकळ, मार्क नॉफ्लरचा 'सुल्तान्स ऑफ स्विंग' म्हणजे तोच. आणि हा आवाज कंपनीने दिलाच नव्हता! मूळचा स्विच तीनच जागांचा, वाजवणाऱ्यांनी तो मधे अडकवून ठेवायची युक्ती काढली आणि फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तो थेट १९७७ला. तिकडे फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉलमधला एक पिकअप उलट फेजला (दुसऱ्या पिकअपच्या उलट सिग्नल देणारा) गेला होता, मधल्या जागेवर त्याचा आवाज असाच पातळ, नाकातला येतो, आणि ती गिटार आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. म्हणजे सगळ्यात हेवी बँडवाल्याकडे सगळ्यात पातळ आवाजाची लेस पॉल, करा आता विभागणी.

आता हाताचा विषय, जो लेखात आलाच नाही आणि जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. स्ट्रॅटची स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवरचा तारांचा आधार) तारेची लांबी २५.५ इंच, लेस पॉलची २४.७५ च्या आसपास. पाऊण इंचाने काय होतं असं वाटेल, पण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर स्ट्रॅटवर साधारण ६ टक्के जास्त ताण. मींड घेताना बोटाला ते लगेच कळतं. वर जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) जास्त गोल असतो, ७.२५ इंच रेडियसचा, कॉर्ड पकडायला मस्त पण वरच्या फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार मोठी ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकून सूर मरतो. लेस पॉलचा १२ इंचाचा, सपाट, तिथे ही भीती कमी. पण लेस पॉलवर शेवटच्या फ्रेटपर्यंत जायला नेकचा जाड सांधा आडवा येतो, एकाच बाजूला खाच आहे ना, तिथे स्ट्रॅटवर हात सरळ आत जातो.

ट्रेमोलो ब्रिजचं (दांडीने हलवून सूर वरखाली करता येणारा ब्रिज) तर काय सांगावं, स्ट्रॅटच्या पोटात स्प्रिंगा आहेत आणि ब्रिज तरंगता ठेवला तर एक तार ओढली की बाकीच्या खाली उतरतात, म्हणून एरिक क्लॅप्टनने तो लाकडाचा तुकडा घालून जाम करून टाकला होता. मग लेस पॉल सुरात राहते का, तर तसंही नाही, तिच्या हेडस्टॉकवर (नेकचं टोक, जिथे चाव्या असतात) दोन्हीकडे तीन-तीन चाव्या, मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताना बाजूला वळतात आणि नटमध्ये अडकतात, तिसरी तार तर हमखास उतरते. स्ट्रॅटच्या सहाही चाव्या एका रांगेत, तारा सरळ.

व्हॉल्यूमचं बटन बघा. स्ट्रॅटवर ते करंगळीखाली येतं, वाजवता वाजवता सूर फुलवता येतो, पण जोरात स्ट्रम करताना चुकून फिरतं पण. लेस पॉलवर प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम, एक शून्यावर ठेवून स्विच पटापट हलवला की आवाज तुटक तुटक येतो, हे स्ट्रॅटवर मूळ वायरिंगमध्ये होत नाही.

आणि खांदा. लेस पॉल सहज ४ किलो भरते, काही त्याहून जड, तास-दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर हे आधी बघा, आवाज नंतर. तिचं हेडस्टॉक मागे १७ अंशात कललेलं, नटच्या मागे ट्रसरॉडसाठी (नेक सरळ ठेवणारी आतली दांडी) लाकूड कोरलेलं, म्हणजे नेमकी तिथेच बारीक. स्टँडवरून मागे पडली की तिथेच मोडते, रिपेअरवाल्यांना विचारा. स्ट्रॅट पडली तर बहुतेक वेळा रंग उडतो.

तुम्ही म्हणाल, मग घ्यायची कुठली? मी तरी पोरांना एवढंच सांगतो की दोन्ही एकाच ॲम्पवर, एकाच सेटिंगला, उभं राहून वाजवा आणि मग ठरवा की तुम्हाला घरघर जास्त खुपते का वजन. आवडत्या गिटारिस्टच्या हातात काय होतं ते बघू नका, क्लॅप्टन १९६६ला लेस पॉलवर होता आणि १९७०नंतर मुख्यतः स्ट्रॅटवर, त्याचा हात तोच राहिला. व्हॅन हेलनने तर स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत गिब्सनचा हम्बकर ठोकून भांडणच मिटवलं, आज तशा हम्बकरवाल्या स्ट्रॅट फेंडर स्वतः बनवते.

जमलं तर पुढचा लेख ॲम्पवर येऊ द्या. क्लॅप्टनच्या त्या १९६६च्या आवाजात लेस पॉलइतकाच फुल व्हॉल्यूमला ठेवलेला मार्शल ॲम्प आहे, आणि त्याला कुणी एक ओळसुद्धा देत नाही.

आपला,
एक वाचक