'लाऊड होतंय' म्हणालास त्यावरून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, "नाना, डायरेक्टर दर शॉटला म्हणतात, लाऊड होतंय." म्हणजे अभिनय भडक होतोय. मी नुसतं हूं हूं केलं. तुझी आई भरताची वांगी भाजत होती, घरभर धूर. बोलणार काय! म्हणून लिहितो.

जानेवारीच्या थंडीत आपण जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात शाली गुंडाळून गाणं ऐकत बसायचो. त्या बालगंधर्वांचंच, म्हणजे नारायणराव राजहंसांचंच बघ. 1905 ला किर्लोस्कर मंडळीत आले, 1913 ला स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, सगळ्या स्त्रीभूमिका. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायच्या. पुढे 1932 ला मराठी बोलपट आला नि नाटक कंपन्यांचे हाल सुरू झाले. यांच्या डोक्यावर तर आधीच कर्ज. 1935 ला 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात दिग्दर्शक शांतारामांनी त्यांना उभं केलं ते संत एकनाथ म्हणून! वय सत्तेचाळीस, सगळी हयात लुगड्यात गेलेली, आणि आता पुरुषाची भूमिका. नाटकात एका पदाला वन्स मोअर पडला की तेच पद नव्या अंगाने यायचं. इथे समोर कॅमेरा. तो कसला वन्स मोअर देतोय? मला तर त्या चित्रात त्यांची नजर कुणाला तरी शोधतेय असंच वाटतं. 1937 ला 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीवेश केला, पण जीव रंगभूमीतच राहिला.

केशवराव दातेही नाटकातलेच, तेही आधी स्त्रीभूमिका करणारे. 'कुंकू' चित्रपटातले काकासाहेब तेच. पोरीच्या वयाच्या बायकोशी लग्न केलेला म्हातारा वकील. त्या चित्राला पार्श्वसंगीत नाही, माहितीय? तरी त्यांचा आवाज कुठे चढत नाही. आपल्या घरातलं कुणी बोलतंय असं वाटतं.

तुझी खोड मला ठाऊक आहे. राज्य नाट्य स्पर्धेत वाक्य टाकून तू टाळीसाठी अर्धा क्षण थांबायचास. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला, मला दिसायचं ना! तो अर्धा क्षण तिथे कॅमेऱ्यासमोर लाऊड होत असणार. आधी 'कुंकू' बघ, मग फोन कर.

पहिल्या कामाचे पैसे अजून दिले नाहीत म्हणालास. लाजू नकोस, दर सोमवारी विचार. डब्यात कळण्याचं पीठ आणि शेव पाठवलीय. भाकरी थापता येत नसेल तर आईला व्हिडिओ कॉल कर, मला नको.

तुझा,
नाना