आलेल्या निधीला नाही म्हणता आलं पाहिजे

मा. संपादक,

स्वयंसेवी संस्थांची चर्चा निघाली की ती लगेच गैरव्यवहारावर येते. मी अकरा वर्षं एका संस्थेचे हिशेब सांभाळले. पै न पै चोख होती, तरी ती संस्था माझ्या डोळ्यांदेखत खिळखिळी झाली.

मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवणं, एवढंच आमचं काम. मग एका देणगीदाराने संगणक प्रशिक्षणासाठी निधी देऊ केला, दुसऱ्याने वृक्षलागवडीसाठी. "आलेला पैसा परत कशाला पाठवायचा?" एवढ्यावर विश्वस्तांच्या बैठकीत ठराव मंजूर व्हायचे. तीन वर्षांत पाच प्रकल्प झाले. मुलांजवळ बसणारी शिक्षिका दुपारभर पाच नमुन्यांत अहवाल भरू लागली. त्यात किती मुलं आली हे लिहायचं असे. किती वाचू लागली याला रकानाच नव्हता. चौथ्या वर्षी तिने राजीनामा दिला.

याच्या अगदी उलट वाट बांगलादेशातल्या ब्रॅकची. फझले हसन अबेद यांनी 1972 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने 1980 पासून दहा वर्षं घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. एक कोटीहून अधिक घरं झाली. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. किती घरं केली यावर तिथे मानधन ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरंच कुणीतरी जाऊन आईला काय आठवतं ते तपासायचं आणि त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. आयांना कृती पाठ आहे, पण त्या ती फारशी वापरत नाहीत, हेही लक्षात आलं. शोध घेतला तर खुद्द शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता! मग आधी त्यांचं प्रशिक्षण बदललं. नेतृत्व दूरदृष्टीचं असणं म्हणजे मला तरी हेच वाटतं: काय मोजायचं ते आधी ठरवायचं आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तरी काम बदलायचं.

देणगीदारांनाही यातून सुटका नाही. प्रशासकीय खर्चाला पैसे द्यायचे नाहीत, असा अनेकांचा दंडक असतो. मग प्रमुखाला पगार भागवण्यासाठी नवे प्रकल्प ओढून आणावे लागतात. हे दुष्टचक्र प्रमुख एकटा तोडू शकत नाही, विश्वस्त पाठीशी उभे राहावे लागतात. आमच्याकडे ते राहिले नाहीत, आणि त्या बैठकांत मीही गप्प बसले याची मला आजही खंत आहे.

आपल्या अंकात संस्थांच्या कार्यक्रमांच्या बातम्या येतात, त्यांत लाभार्थींची संख्या हमखास असते. त्या लाभार्थींच्या आयुष्यात वर्षभराने काय बदललं आणि संस्थेने यंदा कोणत्या निधीला नकार दिला, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस