समन्सबरोबर एक कागद मराठीत द्या: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्याविरुद्धच्या दाव्यात 'नो डब्ल्यूएस' झाले. म्हणजे प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर (रिटन स्टेटमेंट), दिली नाही, आता तिची बाजू कागदावर न येताच दावा पुढे जाणार. ती प्रतिवादी मी. नवरा गेल्यावर वारस म्हणून माझ्या आणि मुलीच्या नावावर लागलेली जमीन आपलीच आहे, असे म्हणत दिराने हा दावा घातला आहे. आणि साहेब, मी एकही तारीख चुकवलेली नाही.

हे कसे झाले ते ऐका. बेलीफ घरी आला, समन्सवर सही घेतली, दाव्याची नक्कल हातात ठेवून गेला. समन्सवर तारीख होती, सकाळी अकराची वेळ होती आणि हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालेल, असा दम होता. म्हणून मी हजर राहिले. पुकारा झाला की आत जायचे, हात जोडून उभे राहायचे, पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. एकदा न्यायाधीश साहेबांना सगळे सांगितलेसुद्धा: फेरफार कधी झाला, जमीन कोण कसते, शेतसारा कोण भरते. ते म्हणाले, "म्हणणे लेखी द्या", आणि लगेच दुसऱ्या दाव्याचा पुकारा झाला. कसे लिहायचे, कधीपर्यंत द्यायचे, कोणाकडे द्यायचे, हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, माझ्या बोलण्याचा एक शब्द नाही. 'प्रतिवादी हजर', एवढेच.

आता कायदा काय म्हणतो ते मी वाचले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची. तिच्या ऑर्डर 8 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने मुदत वाढवली तर 90 दिवसांपर्यंत. दाव्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचे, कारण जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाते. खाली सत्यापन, म्हणजे लिहिलेले खरे आहे असे सहीनिशी सांगणे, सोबत प्रतिज्ञापत्र. शिवाय दिराने मनाई हुकमाचा अर्ज दिलेला, त्याला कोर्टात सगळे 'निशाणी पाच' म्हणतात, त्यावर वेगळा 'से', म्हणजे आपले लेखी म्हणणे, द्यायचा. मी बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकारांना विचारत होते, 'से' म्हणजे काय हो? निम्म्यांना ते माहीत नव्हते, आणि तेही माझ्यासारखेच तारखेला आलेले होते. वकिलाशिवाय स्वतः उभे राहण्याचा हक्क याच संहितेने दिला आहे. उभे राहून करायचे काय, हे मात्र कोणी सांगायचे नाही!

आणि याच्याहून मोठा अन्याय पुढे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळतो, अपंगाला मिळतो, औद्योगिक कामगाराला मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो. त्यासाठी आमच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. मी ज्या बाकावर बसत होते तिथून तिचे दार दिसते. दारावरची पाटी धुळीने भरलेली आणि मी गेले त्या प्रत्येक वेळी दाराला कडी. माझ्या समन्सवर त्या समितीबद्दल एक ओळ नाही. 15100 हा मदतीचा नंबर नाही. आरोपीला मोफत वकिलाचा हक्क आहे हे त्याला न्यायाधीशांनी सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच ठरवले. ते योग्यच झाले. मग ज्या बाईचे शेत जायला निघाले आहे तिला सांगायला काय अडचण आहे?

सांगता येत नाही असे म्हणू नका. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अंगणवाडी सेविका घरोघरी आल्या, आधार कार्ड मागितले, मोबाइलवर फॉर्म भरून दिले. दीड हजार रुपयांसाठी सरकार माझ्या उंबऱ्यापर्यंत पोचते आणि माझ्या जमिनीचा प्रश्न आला की त्याला माझे घर सापडत नाही. मत पाहिजे तेव्हा बहीण, कोर्टात उभी राहिली की अनोळखी!

भाषेचेही तेच. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी, अशी अधिसूचना याच राज्याने 1998 साली काढली. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मंत्र्यांचे सत्कार झाले. माझ्या मुलीने ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याचा ओळख क्रमांक) टाकला तेव्हा आम्हाला नो डब्ल्यूएसचा आदेश कळला, तोही इंग्रजीत. देशात खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर खटले पडून आहेत, आपल्या राज्यात पन्नास लाखांच्या वर. त्यातल्या किती जणांना आपल्या कागदावर काय लिहिले आहे ते कळत असेल? कोर्टातच असे आहे म्हणावे, तर तहसीलमध्येही हेच. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस, नोटीस चावडीवर चिकटवलेली, माणूस ऊसतोडीला गेलेला. मुदत संपली की नोंद प्रमाणित. अडाणी राहिलेल्या माणसावर सगळ्यांचे चालते: मुद्रांक विकणाऱ्याचे, अर्ज टाइप करणाऱ्याचे, 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याचे. म्हणूनच हे असे ठेवले आहे, असे मी आता उघड म्हणते.

तुम्ही म्हणाल, समन्सचा नमुना हा उच्च न्यायालयाचा विषय. मग उच्च न्यायालयाला पत्र लिहा, ते तर तुमच्या हातात आहे. विधी सेवेला राज्याचा पैसा तुम्ही देता. प्रत्येक समन्सला एक कागद मराठीत जोडा: तुमच्याकडून काय हवे, कोणत्या तारखेपर्यंत, दिले नाही तर काय होईल, फुकट वकील कोणत्या खोलीत मिळेल. आणि त्या खोलीत कोर्टाच्या वेळेत माणूस बसवा. एवढ्याला आयोग नेमावा लागत नाही.

नो डब्ल्यूएस रद्द करण्याचा माझा अर्ज आता विधी सेवेच्याच वकीलबाईंनी दिला आहे. त्यावर दिराच्या वकिलाचा 'से' यायचा आहे. कोर्टाने परवानगी दिली तरी उशिराबद्दल मला खर्च भरायला लावील, असे त्या म्हणाल्या. हा उशीर कोणामुळे झाला आणि तो खर्च कोणी भरायचा, याचे उत्तर मला तुमच्या सहीने पाहिजे.

आपली,
मराठवाड्यातील एक प्रतिवादी