खरेदीची बातमी आली, विक्रीची कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनमधल्या बांधकाम कंपन्यांच्या पडझडीवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. कर्जात बुडालेल्या एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीबद्दल त्यात चांगले विवेचन आहे. मॉल बांधणाऱ्या वांडा समूहाला मात्र एका ओळीत त्याच माळेत ओवले आहे, ते पटले नाही. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात प्रस्ताव तपासण्यात गेली, त्यामुळे या समूहाकडे मी बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे.

सैन्यातून बाहेर पडलेल्या वांग जियानलिन यांनी १९८८ मध्ये दालियान या बंदराच्या शहरात, कर्जात रुतलेली एक स्थानिक गृहबांधणी कंपनी हाती घेतली. पुढे ‘वांडा प्लाझा’चा साचा तयार झाला. शहराला गजबजलेला मॉल हवा असतो, म्हणून स्थानिक प्रशासन मोक्याची जमीन परवडेल अशा दरात देई. मॉलभोवती फ्लॅट आणि कार्यालये काढायची, बांधकाम पुरे होण्याआधीच ती विकायची, त्या पैशांतून मॉल उभा करायचा आणि तो विकायचा नाही, त्याचे भाडे खायचे. परतफेड कुठून होणार, हा आमच्या खात्याचा पहिला प्रश्न असे. इथे त्याचे सरळ उत्तर होते.

परदेशातल्या खरेदीला ते उत्तर नव्हते. २०१२ मध्ये ए.एम.सी. ही अमेरिकी चित्रपटगृहांची साखळी तिच्या कर्जासह २.६ अब्ज डॉलरला घेतली. मग ब्रिटनची सनसीकर ही यॉट बांधणारी कंपनी, माद्रिदची एदिफिसियो एस्पान्या ही जुनी गगनचुंबी इमारत, अ‍ॅटलेटिको माद्रिद या फुटबॉल क्लबचा २० टक्के हिस्सा आणि २०१६ मध्ये ३.५ अब्ज डॉलर मोजून हॉलिवूडची लेजंडरी ही चित्रपटनिर्मिती कंपनी. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशी सलग आयर्नमॅन स्पर्धा भरवणारी कंपनीही २०१५ मध्ये ६५ कोटी डॉलरला घेतली होती. २०१९ मध्ये गोव्यात पहिली आयर्नमॅन ७०.३ (एकूण ७०.३ मैलांची) झाली, आपल्याकडचे कितीतरी हौशी धावपटू आणि सायकलस्वार त्यासाठी पणजीला गेले, तेव्हा त्या स्पर्धेची मालकी दालियानच्या या समूहाकडे होती. हे किती जणांना ठाऊक होते? त्या काळात वांग यांचे नाव आशियातील सर्वांत श्रीमंत म्हणून छापून येत होते.

मग सरकारने हात आखडला. चीनची परकीय गंगाजळी २०१४ मध्ये ४ लाख कोटी डॉलरच्या घरात होती, ती २०१७ च्या सुरुवातीला ३ लाख कोटींखाली आली. पैसा देशाबाहेर चालला आहे, हे बीजिंगला दिसत होते. जून २०१७ मध्ये बँकांना वांडा आणि अशाच काही समूहांची कर्जे तपासायला सांगितले गेले. ऑगस्टमध्ये परदेशातील स्थावर मालमत्ता, हॉटेले, चित्रपटगृहे, क्रीडा क्लब यांतल्या गुंतवणुकीवर अधिकृत निर्बंध आले. म्हणजे नेमकी वांडाचीच यादी. ज्याचा व्यवसाय सरकारी जमिनीवर आणि सरकारी बँकांवर उभा आहे, त्याला तिथे वाद घालता येत नाही.

माझ्या मते वांडाचे वेगळेपण इथून पुढे आहे. जुलै २०१७ मध्ये वांग यांनी १३ पर्यटन प्रकल्पांतला मोठा हिस्सा आणि ७७ हॉटेले दोन कंपन्यांना मिळून ६३ अब्ज युआनहून अधिक किमतीला विकली. त्यांतली सुनाक ही खरेदीदार कंपनी २०२२ मध्ये स्वतःच कर्ज फेडू शकली नाही. २०१८ मध्ये अ‍ॅटलेटिकोचा हिस्सा गेला, २०२० मध्ये आयर्नमॅन, २०२१ मध्ये ए.एम.सी.मधला जवळजवळ सगळा वाटा. शिकागोत वास्तुरचनाकार जीन गँग यांनी रचलेला वांडाचा मनोराही हातचा गेला, तो आज सेंट रेजिस म्हणून ओळखला जातो. अ‍ॅटलेटिकोच्या स्टेडियमवरून वांडाचे नाव २०२२ मध्ये उतरले. शेवटी मॉल चालवणाऱ्या कंपनीची शेअर बाजारात नोंदणी वारंवार रखडली आणि २०२४ मध्ये ६० अब्ज युआनच्या बदल्यात तिची ६० टक्के मालकी बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेली. त्यांना रस होता तो मॉलच्या भाड्यात. समूह घायाळ झाला, पण एव्हरग्रांदसारखा अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेला नाही. देणे भागवण्यासाठी आवडती वस्तू वेळेवर विकणारा कर्जदार आमच्या नोकरीत फार थोड्यांदा भेटायचा, म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

संपादक महोदय, खरी तक्रार पुढे आहे. जानेवारी २०१६ मध्ये याच वांडाने हरियाणा सरकारशी सोनिपत जिल्ह्यातील खरखोदा येथे औद्योगिक नगरीसाठी १० अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. त्या वेळच्या दराने ६५ हजार कोटी रुपयांहून अधिक. ठळक मथळ्यांत ती बातमी आली. नगरी झालीच नाही. खरखोद्यात २०२५ मध्ये उत्पादन सुरू झाले ते मारुतीच्या कारखान्यात. ती नगरी कधी आणि कशामुळे बारगळली, हे मला एकाही वर्तमानपत्रात सापडले नाही. तळेगावचेही तसेच. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना घेऊ पाहणाऱ्या ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीच्या ३,७७० कोटींच्या कराराचा जून २०२० मध्ये गाजावाजा झाला, पण तो कारखाना २०२३ मध्ये ह्युंदाईने घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसहून महाराष्ट्रासाठी १५.७० लाख कोटी रुपयांच्या करारांचा आकडा आला, तो आपणही पहिल्या पानावर छापला. त्यातल्या प्रत्येक कराराची जमीन कुठे ठरली, पैसे किती आले, काम सुरू झाले की नाही, एवढे दर सहा महिन्यांनी एका चौकटीत द्यावे, ही विनंती. जागा आतल्या पानावर दिली तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे