दोन आसनांच्या गाडीविषयी आई-बाबांना पत्र

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. मी गाडी घेतल्याचे तुम्हांला माझ्या आधी दादाने सांगितले, आणि सांगताना ‘चोवीस वर्षांची, बिघडलेली, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार’ एवढेच सांगितले. त्यातला एकही शब्द खोटा नाही. पण त्यामुळे बाबांचा रक्तदाब वाढला आणि आईने फोनवर हुंदका दिला, तेव्हा पुरी हकीकत कागदावर मांडलेली बरी असे मला वाटले. फोनवर आपण तिघेही एकदम बोलतो आणि कोणाचेच ऐकून होत नाही.

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. बाबा, एसटीच्या कार्यशाळेत तुमचा सगळा जन्म डिझेलच्या मोठ्या इंजिनांत गेला, त्यामुळे ही तुमच्या पाहण्यात आली असण्याचा संभव कमी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती गोव्यात तयार होऊ लागली. दोन दारे, दोन आसने, वर दुमडता येणारा कापडी टप, पत्र्याऐवजी फायबरचे अंग आणि आत रेनो कंपनीचे १,१४९ सीसीचे पेट्रोल इंजिन. त्या इंजिनाची ताकद सुमारे ६० अश्वशक्ती आहे, म्हणजे आज शोरूममध्ये मिळणाऱ्या साध्या छोट्या गाडीपेक्षाही थोडी कमीच. तेव्हा ‘स्पोर्ट्स कार’ या नावाने दादाने तुमच्या मनात वेगाची जी धास्ती घातली आहे, ती आधी काढून टाका. ही गाडी वेगासाठी कोणी घेत नाही. अंगाने हलकी, जमिनीला जवळ आणि स्टिअरिंगच्या हाताला लगेच उत्तर देणारी आहे, एवढेच तिचे वैशिष्ट्य.

ती मला दिंडोरीच्या बाजूला एका मळ्यात मिळाली. आधीच्या मालकांनी हौसेने घेतली होती. पुढे मुले झाली, मोठी गाडी आली आणि ही शेडमध्ये द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमागे उभी राहिली. त्यांनी दोन लाख सांगितले होते, एक लाख साठ हजारांवर व्यवहार ठरला. इतक्या जुन्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही, त्यामुळे कर्जाचा प्रश्नच आला नाही. सगळे पैसे माझ्या साठवणीतले आहेत.

आता दोष. ते मला गाडी घेण्यापूर्वीच ठाऊक होते, कारण वडाळा नाक्यावरच्या ज्या मिस्त्रींकडे मी ती नेणार होते, त्यांनाच बरोबर घेऊन मी पाहायला गेले होते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडले, तर आत गंजाच्या रंगाचे पाणी. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे बोअरचे पाणी भरले गेले होते आणि त्याने रेडिएटरच्या नळ्या आतून अर्ध्या बुजल्या होत्या. गाडी तापते म्हणून मध्यंतरी कोणी तरी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता, आणि तरीही तापते म्हणून पंख्याची वायर थेट बॅटरीवरून घेऊन डॅशबोर्डखाली एक घरगुती दिव्याचे बटण बसवले होते. बाबा, ते बटण तुम्ही पाहायलाच हवे; पांढरे, बैठकीच्या खोलीत असते तसे, आणि त्यावर पेनने ‘फॅन’ लिहिलेले. थर्मोस्टॅट काढल्याने पाणी सतत रेडिएटरकडे फिरत राहते, सकाळी इंजिनाला ८५-९० अंशांवर यायला फार वेळ लागतो, तोवर ते जास्त पेट्रोल पिते आणि आतून झिजते. आणि खरा दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर, तसाच झाकला जातो. या गाडीवर आजवर झालेली बहुतेक दुरुस्ती याच जातीची आहे. एक दोष लपवायला दुसरा केलेला.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेली असती तर मी गाडी घेतलीच नसती. म्हणून इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिले, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय धरली आहे का ते पाहिले आणि शेवटी मिस्त्रींनी एकेक स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. त्या क्षणी मी मनातल्या मनात व्यवहार पक्का केला, मात्र चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही; घासाघीस अजून व्हायची होती आणि ती कला मी आईकडूनच शिकले आहे.

विजेचा भाग मात्र मला नवा होता. पत्र्याच्या गाडीत सगळे अंगच अर्थिंगचे काम करते. दिव्याची एक वायर बॅटरीकडे गेली आणि दुसरी जवळच्या पत्र्याला लावली की भागते. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे या गाडीत प्रत्येक दिव्याची, हॉर्नची आणि काट्याची परतीची वायर स्वतंत्रपणे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत आणावी लागते, आणि ती जिथे आवळलेली असते तो नटबोल्ट गंजला की गंमत सुरू होते. डावा इंडिकेटर लावला तर मागचा दिवा मंद व्हायचा आणि तापमानाचा काटा उडी मारायचा. मिस्त्रींनी दिवे बदला म्हणून सांगितले होते. मी रविवारची दुपार मल्टिमीटर घेऊन गाडीखाली काढली, सांगाड्यावरचे अर्थिंगचे सांधे उघडले, पॉलिश कागदाने धातू चमकेपर्यंत घासले, ग्रीस लावून पुन्हा आवळले, आणि इंडिकेटर लावल्यावर काटा जागचा हलला नाही. अंबडच्या कंपनीत मी दिवसभर इंजिनाच्या एकाच भागाचा एकच व्यास मोजते, तो भाग पुढे कोणत्या इंजिनात जातो आणि तिथे काय करतो हे माझ्या डोळ्यांना कधी दिसत नाही. ही गाडी का घेतली, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठे उत्तर नाही. जी उघडता येते, समजून घेता येते आणि माझ्या हाताने पुन्हा नीट बसवता येते, अशी गाडी मला हवी होती, आणि नवी गाडी मला बॉनेटखाली प्लॅस्टिकच्या झाकणापलीकडे जाऊ देत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. टायरवर चांगली नक्षी होती, पण बाजूला कोरलेला चार आकडी क्रमांक २३१४ होता, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल; रबर न झिजताही म्हातारे होते, म्हणून चारही टायर बदलले. टायमिंग बेल्टचेही (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याचेही) तेच, तो तुटला तर इंजिनच हातचे जाऊ शकते, तेव्हा तो पाण्याच्या पंपासह नवा बसवला. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होते, त्यामुळे त्याचे सुटे भाग मागवता येतात. उशीर होतो, पण मिळतात. काच फुटली तर मात्र कठीण आहे. टप गळतो. पेट्रोलच्या नळ्या मी सगळ्या बदलून घेतल्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्या काळचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेत असल्याने गाडी फार दिवस उभी ठेवणेही चांगले नाही. (काका ऊस कारखान्याला घालतात, त्यांना हे सांगू नका, ते मनाला लावून घेतील.)

आता पैशांविषयी, आणि इथे मला थोडे कडक लिहावे लागणार आहे. दादा म्हणाला की मला नवी, ‘धड’ गाडी घेता यावी म्हणून तुम्ही पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले तीन लाख काढायला निघाला आहात. कृपा करून तसे करू नका. त्या ठेवीवर तुम्हांला वर्षाला ८.२ टक्के मिळतात, दर तीन महिन्यांनी हातात येणारे ते व्याज हाच तुमच्या औषधांचा आणि विजेच्या बिलाचा आधार आहे, आणि खाते उघडून वर्ष झाल्यावर पण दोन वर्षे व्हायच्या आत बंद केले तर मुद्दलातून दीड टक्का कापून घेतात. वर नव्या गाडीची किंमत तीन लाखांत भागत नाही. उरलेल्या रकमेचा हप्ता मला पाच वर्षे भरावा लागेल, आणि त्या पाच वर्षांत नोकरी बदलायचे म्हटले तरी आधी हप्त्याकडे पाहावे लागेल. या गाडीच्या दुरुस्तीसाठी मी नव्वद हजारांची मर्यादा घालून घेतली आहे. सत्तरच्या आसपास खर्च झाला आहे, ब्रेकचे काम बाकी आहे. मर्यादा ओलांडायची वेळ आली तर गाडी आहे त्या स्थितीत विकेन, आणि अशा गाडीला हौशी गिऱ्हाईक मिळते. लग्नाच्या वेळी लागतील म्हणून आईने जे पैसे वेगळे ठेवले आहेत, त्यांनाही या निमित्ताने हात लागता कामा नये. तो विषय आपण नंतर बोलू, किंवा नाही बोललो तरी चालेल.

कागदपत्रांची काळजी बाबांना असणार. गाडी पहिल्यापासून एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकचीच आहे, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राची भानगड नाही. नमुना २९ आणि नमुना ३० वर आधीच्या मालकांच्या सह्या घेऊन पेठ रोडच्या आरटीओत नावबदलाचा अर्ज दिला आहे. नोंदणी २००२ सालची. पंधरा वर्षांनी २०१७ मध्ये आणि मग २०२२ मध्ये तिचे नूतनीकरण झालेले आहे, त्यामुळे पुढची तपासणी २०२७ मध्ये येईल. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क आता १०,००० रुपये झाले आहे, शिवाय पर्यावरण कर; ते मी हिशेबात धरले आहे. थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये अधिक जीएसटी भरून माझ्या नावावर करून घेते आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा या वयाला कोणी आनंदाने देत नाही, तेव्हा ती जोखीम माझी.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवलेला नाही, पण त्यावर तुमचे समाधान होईल असे उत्तर माझ्याजवळ नाही. या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस नाही, आणि मागून ट्रक आला तर त्याला ती दिसेलच असे नाही, इतकी ती बुटकी आहे. म्हणून कामावर मी पूर्वीसारखीच कंपनीच्या बसने जाईन. ही गाडी रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत किंवा त्र्यंबक रस्त्याने जाऊन परत येण्यासाठी आहे. आग्रा महामार्गावर रात्री नाही, कसारा घाटात तर नाहीच. वणीच्या घाटातही ब्रेकवर माझा पुरता विश्वास बसेपर्यंत नेणार नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरातले रस्ते जागोजागी खोदलेले आहेत आणि गाडीचे पोट जमिनीला इतके जवळ आहे की निम्म्या रस्त्यांवर ती न्यायचा मोहही होत नाही.

आई, तुझा प्रश्न वेगळाच होता आणि तो बरोबर होता. आम्ही दोघे आलो तर बसायचे कुठे? एका वेळी एकालाच फिरवता येईल हे खरे. दुसऱ्याने तोवर घरी बसून चहा प्यावा. सप्तशृंगीला तिघांनी जायचे तेव्हा आपण भाड्याची गाडी करू, आणि वर्षातून तीन-चारदा तशी केली तरी नव्या गाडीच्या एका हप्त्याइतकाच खर्च येईल, हे मी मांडून पाहिले आहे. तुला आत बसताना त्रास होईल, कारण आसन पाटाइतके खाली आहे. आधी बसायचे, मग पाय आत घ्यायचे, अशी रीत आहे.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. ब्रेकच्या लोखंडी नळ्या मागच्या चाकाकडे जातात तिथे त्यांच्यावर गंजाचे पापुद्रे धरले आहेत. मिस्त्रींचे म्हणणे, तेवढाच तुकडा कापून जोड द्यावा. माझे म्हणणे, पुढपासून मागपर्यंत नळी नवी टाकावी आणि ब्रेक ऑइलही सगळे बदलावे, कारण त्यात इतक्या वर्षांत पाणी मुरलेले असणार. मिस्त्री कामाला चांगले आहेत, पण मुलीचे म्हणणे ते हसून ऐकतात आणि करतात आपल्याच मनाचे. तुम्ही एकदा गाडीखाली पाहून सांगितले तर वाद मिटेल, आणि तुमचे मत त्यांच्या बाजूने पडले तर तेही मी मान्य करीन. रॅम्पवर गाडी चढवून ठेवायला सांगते, म्हणजे गुडघ्यावर बसावे लागणार नाही. गॅरेज सोमवारी बंद असते. शनिवारी सकाळच्या गाडीने सटाण्याहून निघालात तर दुपारपर्यंत पाहणे होईल. तोवर ते नळीला हात लावणार नाहीत, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
लेक