कागद-पेन्सिलीशिवाय स्मृतीची तपासणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सासूबाईंच्या आमटीत मीठ दोनदा पडू लागलं, तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. पंचांग न बघता एकादशी सांगणाऱ्या बाई सकाळपासून चारदा तिथी विचारायच्या. आम्ही त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथं कागद पुढे आला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. शंभरातून सात-सात वजा करा. एक वाक्य लिहा. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. मुठीत पेन्सिल धरून त्यांनी एक वाकडं वर्तुळ काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, मला हे कधी येत होतं?" शिक्षण नाही, वयही झालंय, एवढं सांगून आम्हाला परत पाठवलं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं दोन वर्षांनी, त्या आपल्याच गल्लीत घर शोधत फिरल्या तेव्हा.

मला हे जास्त लागतं, कारण मी २६ वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, काढले. टेपनं डोकं मोजायचं, खुणा करायच्या, पेस्ट लावून तारा चिकटवायच्या. "शॉक तर बसणार नाही ना?" हा प्रश्न रोजचा. हे यंत्र मेंदूत काहीच सोडत नाही, मेंदूतली वीज फक्त टिपून घेतं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय उमटते. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या आजारात, ती मंदावते, संथ थीटा लहरी वाढतात. पण गुंगीची औषधं, थायरॉइड, बी-१२ची कमतरता यांनीही आलेख मंदावतो. म्हणून नुसत्या ईईजीवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये, आणि कुणी 'मेमरी पॅकेज' म्हणून तो विकत असेल तर त्याला भुलू नये.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाची 'फास्टबॉल' ही ईईजीवरची चाचणी मला म्हणूनच मोलाची वाटते. आधी काही चित्रं दाखवतात. मग पडद्यावर भराभर चित्रं सरकतात, त्यांत ती आधीची अधूनमधून येतात. माणसानं फक्त बघायचं. ओळखीचं चित्र आलं की मेंदू जो प्रतिसाद देतो तो टोपीतल्या इलेक्ट्रोडना कळतो, आणि विसराळूपणाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांत तो क्षीण दिसला आहे. वेळ तीन मिनिटं. लिहायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. ही चाचणी अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, हे मान्य.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांत शाळेत न गेलेल्या आयाबायांचं प्रमाण मोठं आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ईईजीची यंत्रं आहेत, ती चालवणारे तंत्रज्ञही आहेत. फिट्सच्या रुग्णांसोबत या आज्यांसाठीही आठवड्यातला एक दिवस राखावा आणि अशा चाचणीचा अभ्यास इथंच, खेड्यातल्या बायकांना सोबत घेऊन सुरू करावा. चित्रं मात्र त्यांच्या घरातली हवीत: जातं, सूप, पाटा-वरवंटा, तुळशीवृंदावन.

आपली नम्र,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, सातारा