डाखाऊतला ‘स्पोर्ट’

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत नाझी जर्मनीच्या डाखाऊ छळछावणीतल्या ख्रिस्ती धर्मगुरूंवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, पण ‘खेळाने त्यांचं मनोधैर्य टिकवलं’ या वाक्यापाशी मी अडलो. बत्तीस वर्षं पीटी शिकवली, म्हणून जरा जास्तच.

त्या छावणीत ‘स्पोर्ट’ हा शब्द एसएसवाल्यांच्या, म्हणजे पहाऱ्यावरच्या हिटलरच्या निमलष्करी दलाच्या, तोंडी होता, आणि त्याचा अर्थ शिक्षा. हजेरीच्या मैदानात उभं करायचं आणि सुरू: आडवे व्हा, उठा, पळा, हात समोर धरून बैठका, बेडूकउड्या, चिखलात लोळण. पायात लाकडी तळाचे जोडे, पोटात पाण्यासारखं सूप. थांबला की लाथ. बेडूकउड्या मी पोरांकडून करून घेतल्यात. वीस झाल्या की धडधाकट पोरगाही मांड्या धरून बसतो. इथे तर साठीला आलेले फादर होते. (उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या मीही मारायला लावायचो. एकाने फेऱ्या संपवून धापा टाकत विचारलं होतं, “सर, आता खेळाचा तास सुरू का?” तेव्हा हसलो होतो.)

१९४२ चा ईस्टरआधीचा पवित्र आठवडा पोलिश पाद्र्यांनी अशाच कवायतीत काढला. झडतीत कुणाकडे तरी पैसे सापडले, एवढं निमित्त. २६ नंबरच्या बराकीत १९४१ पासून प्रार्थनेची खोली होती, पण १९४१ मध्येच पोलिशांना तिथे मज्जाव झालेला. पुढे १९४२ मध्ये, शरीर साथ देईना अशा तीनशेवर पोलिश पाद्र्यांना ‘अपंग’ ठरवून ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेलं आणि विषारी वायूने मारलं.

लेखातले रविवारचे फुटबॉल सामने छावणीत झाले, हे खरं. पण युद्धाच्या उत्तरार्धात कैद्यांच्या श्रमाची गरज वाढली, घरची पार्सलं घ्यायची मुभा मिळाली, अंगात चार घास गेले, त्यानंतरच चेंडूमागे धावायची ताकद आली. १,७८० पोलिश पाद्र्यांपैकी ८६८ संपले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला फक्त पहिला ‘स्पोर्ट’ आला.

लेख पुस्तकात घेणार असाल तर फुटबॉलच्या परिच्छेदाआधी बेडूकउड्यांचा एक परिच्छेद घाला, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक